फ्रान्समध्ये ‘सगळं चालतं’ म्हणणाऱ्या मित्रांना

दिवाळी अंक बाजारात आले की आपल्याकडे कुठल्या तरी मुखपृष्ठावरून किंवा चित्रावरून वाद पेटतो. एक बाजू म्हणते, चित्रकथा म्हणजे मुलांची वस्तू, तिच्यात उघडंवाघडं काही नको, बंदी घाला. दुसरी बाजू म्हणते, फ्रान्समध्ये बघा, तिथे सगळं चालतं. पुण्यातल्या आमच्या वाचनगटात यंदा हे दोन्ही ऐकलं. फ्रान्सचा दाखला देणारे माझे जवळचे मित्र आहेत आणि मी इथे फ्रान्समधल्या ल्यों शहरात राहते, म्हणून हे उत्तर त्यांना.

त्यांच्या मनात जे मासिक असतं ते ‘मेताल युर्लां’. डिसेंबर 1974 मध्ये झाँ जिरो, फिलिप द्र्युये, झाँ-पिएर दियोने आणि बेर्नार फारकास यांनी पॅरिसमध्ये प्रकाशनसंस्था काढली आणि लगेच जानेवारीत पहिला अंक आला. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा, चित्रांतून, फक्त मोठ्यांसाठी. जिरो हे काउबॉयच्या चित्रमालिकेमुळे आधीच नावाजलेले होते. इथे ‘मोबियस’ या नावाने त्यांचा हात मोकळा सुटला. डॅन ओबॅनन यांच्या कथेवरून 1976 मध्ये त्यांनी काढलेलं मजल्यांवर मजले चढलेलं, खोल दरीसारखं शहर आज आपण भविष्यातल्या शहराचं चित्र म्हणून जे डोळ्यांसमोर आणतो त्याच्या मुळाशी आहे. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी ‘ब्लेड रनर’ या चित्रपटासाठी ते ऋण मान्य केलं आहे, जपानचे ॲनिमेशनपट दिग्दर्शक मियाझाकी यांनीही मोबियसचा प्रभाव कबूल केला आहे. 1977 मध्ये याच मासिकाची अमेरिकी आवृत्ती ‘हेवी मेटल’ निघाली. (1974 मध्येच मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली होती. आपली विज्ञानकथा शास्त्रज्ञाच्या लेखणीतून वाढली, त्यांची चित्रकाराच्या कुंचल्यातून. आपल्याकडे चित्रकाराला हे दार कधी नीट उघडलंच नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.)

इतकं सगळं मान्य. पण ‘मेताल युर्लां’च्या पहिल्याच अंकातली ‘आर्झाक’ची कथा उघडून बघा. एकही शब्द नाही, रेषा थक्क करणारी. उडत्या प्राण्यावर बसलेला नायक खिडकीतून एक विवस्त्र स्त्री पाहतो, तिच्याजवळच्या पुरुषाला दोर टाकून मारतो, आत शिरतो, तिचा चेहरा कुरूप निघतो आणि तो निघून जातो. स्त्री इथे बक्षीस आहे, आणि बक्षीस पसंत पडलं नाही एवढाच कथेचा झटका. मी मोबियसची पानं तासन् तास बघू शकते, आणि तरीही हे मला खुपतं.

हे खुपणं सर्वांत नेमकेपणाने मांडलं ते त्याच क्षेत्रातल्या बायकांनी. जानेवारी 1985 मध्ये निकोल क्लाव्हलू, फ्लोराँस सेस्ताक, शांताल मोंतेलिए आणि झान प्युशोल यांनी ‘ल मोंद’ या दैनिकात एक निवेदन छापलं: स्वतःला नवी म्हणवणारी ही चित्रकथांची मासिकं पुरुषी कल्पनांच्या सर्वांत जुन्या, सर्वांत मळकट डबक्यात रुतली आहेत, अशा आशयाचं. यातल्या मोंतेलिए आणि क्लाव्हलू यांनी स्वतः ‘मेताल युर्लां’त चित्रं काढली होती. तक्रार त्यांनी पोलिसांकडे नेली नाही, वाचकांपुढे ठेवली.

आता बंदीची गोष्ट, कारण ‘सगळं चालतं’ हे मुळातच खरं नाही. इथे 16 जुलै 1949 चा कायदा आजही लागू आहे. मुलांसाठीच्या प्रकाशनांकरता केलेला हा कायदा गृहमंत्र्याला कुठल्याही नियतकालिकाची अल्पवयीनांना विक्री रोखण्याचा, ते दुकानात दर्शनी मांडू न देण्याचा अधिकार देतो. ‘मेताल युर्लां’च्याच प्रकाशकांनी 1976 मध्ये ‘आ! नाना’ हे मासिक सुरू केलं. त्यातली चित्रं आणि लेखन मुख्यतः बायकांचं होतं, आणि लैंगिकतेवर, अत्याचारावर त्या मोकळेपणाने बोलत होत्या. 1978 मध्ये त्याच्यावर अल्पवयीनांना विक्रीबंदी आली आणि नऊ अंकांनंतर ते मिटलं. पुरुषांचं स्वप्नरंजन छापणारं ‘मेताल युर्लां’ 1987 पर्यंत निघत राहिलं. पुण्यातल्या बंदीवाल्यांनी हा हिशेब डोळे उघडे ठेवून बघावा. बायकांच्या इज्जतीच्या नावाने हत्यार उचललं जातं आणि बोलणाऱ्या बाईचाच आवाज आधी बंद होतो.

आपल्याकडचा इतिहास वेगळा नाही. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवलं. न्याय झाला. पण इतकी वर्षं प्रश्न एकच राहिला, अश्लील की नाही. कथा कशी आहे, श्यामा माणूस म्हणून उभी राहते का, हे विचारणं कोर्टाचं काम नव्हतं, आणि ते काम आपण वाचकांनीही फारसं अंगावर घेतलं नाही. ‘आवाज’च्या खिडकीचित्रांचंही तेच. पिढ्यान् पिढ्या आपण ती खिडकी उघडून हसलो, कोणी नाकं मुरडली. त्या खिडकीत उभी असते ती नेहमी बाईच का, यावर एखाद्या मराठी चित्रकर्तीने सविस्तर लिहिलेलं मला वाचायचं आहे.

2016 मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाने सर्वोच्च पुरस्कारासाठी तीस नावं जाहीर केली, त्यांत एकही स्त्री नव्हती. चित्रकर्त्रींच्या संघटनेने बहिष्काराची हाक दिली, यादीतल्या कित्येक पुरुषांनी आपली नावं मागे घेतली आणि आयोजकांना ती यादीच सोडून द्यावी लागली. या भांडणात कोणाचं पुस्तक जप्त करा असं कोणी म्हटलं नाही. मराठीत मोठ्यांसाठी चित्रकथा काढू पाहणारी तरुण मुलं-मुली आज आहेत. संपादकांनी त्यांना पानं द्यावीत, आणि पुढच्याच अंकात त्या पानांवर कडक, सविस्तर परीक्षण छापावं, शक्यतो चित्र काढणाऱ्या बाईकडून लिहून घेऊन.