साद आली, प्रतिसाद कसा द्यावा?

इंदूरच्या मराठी मंडळींत धीट वाचक म्हणून नाव काढायचे असेल, तर अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक मार्की द साद याची बदनाम कादंबरी ‘सदोमचे १२० दिवस’ घ्याच. आणल्या आणल्या वर्तमानपत्राचे कव्हर घाला. घरात आजी आहे. कव्हर घालताना छातीत जी धडधड होईल ती पुरवून वापरा. पुढे पुस्तकाकडून मिळायची नाही.

सुरुवात झकास आहे. चार गडगंज नराधम, डोंगरातला किल्ला, मागचा पूल तोडलेला. तुम्ही दाराची कडी लावून घेता आणि नियमावली सुरू होते. कोणी कुठे बसायचे, जेवण कधी, रोज सकाळी दहाला उठायचे. (दहाला! तोवर इंदुरात पोहे-जिलेबीची दुसरी फेरी आटोपलेली असते.) आमच्या सोसायटीचे नियम याहून रंगतदार, त्यांत निदान पार्किंगची भांडणे तरी आहेत.

पुढे ६०० विकृती, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दरमहा १५०. विमा एजंटाचे टार्गेटच. पहिल्या चारपाचांना अंगावर काटा येतो. साठाव्याला जांभई येते आणि मग त्या जांभईची लाज वाटते. लाज वाटू देऊ नका. नोव्हेंबर तेवढा सविस्तर लिहिलाय. पुढचे तीन महिने नुसते आकडे घालून टाचणे. लेखकालाच कंटाळा आला, असे मात्र चारचौघांत बोलू नका. १७८५ साली पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगातल्या कोठडीत, ३७ दिवसांत, बारा मीटर लांब गुंडाळीवर लिहिलेय, हे सांगा. तरी कोणी ‘रटाळ’ म्हणालेच तर किंमत सांगा: २०२१ मध्ये फ्रान्सने ती गुंडाळी ४५ लाख ५० हजार युरोंना घेतली. इंदुरात या आकड्यापुढे वाद टिकत नाही.

वाचायला दुपार निवडू नका. माझी शेवटच्या पानांवर झोप लागली. तिथे लेखकाने चक्क हिशेब मांडलाय: आधी मारले १०, नंतर २०, परतले १६, एकूण ४६. बेरीज बरोबर आहे, मी करून पाहिली. अख्ख्या पुस्तकात समाधान वाटले ते तेवढेच. जाग आली तेव्हा कव्हर निसटलेले आणि आजी चष्मा लावून तेच पान निरखत होती. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

“आचाऱ्याचा हिशेब का रे?” ती म्हणाली. “शेहेचाळीसच पानं? घरचेच बोलावलेत वाटतं.”