तुलांबेनचं जहाज ‘उथळ’ आहे म्हणून श्वास रोखून वर येऊ नका

बालीच्या सहलींचे मेसेज दरवर्षी फिरतात. या वेळचा माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने तो मला पाठवून खाली विचारलं, ‘मामा, जानेवारीत जातोय, एवढं पुरेल ना?’ मेसेजचा मथळा आहे ‘तुलांबेनचं बुडालेलं जहाज: बोट नको, गाईड नको, कोर्स नको’. मजकूर थोडक्यात असा. जहाज किनाऱ्यालगतच आहे, चालतच पाण्यात शिरायचं. उथळ असल्याने काही होत नाही, घाबरलात तर श्वास रोखून सरळ वर यायचं. पावसाने पाणी गढूळ झालं असेल तर मोठा टॉर्च घ्यायचा. जहाजाला धरून पुढे गेलं की हरवत नाही. मालवणला एकदा स्कूबा केलं असेल तर तेवढा अनुभव पुरे. आणि रात्रीचं विमान असलं तरी सकाळी हे उरकून घेता येतं.

नाही, एवढं पुरणार नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी अर्धवट आहेत, पण एक वाक्य माणूस मारू शकतं. म्हणून क्रम सोडून आधी तेच घेतो.

‘उथळ आहे, घाबरलात तर श्वास रोखून सरळ वर या’

हे लिहिणाऱ्याने साधं स्नॉर्केलिंग आणि टाकीतली हवा घेऊन केलेलं डायव्हिंग यात गल्लत केली आहे. पृष्ठभागावर छाती भरून हवा घेऊन बुडी मारली तर खाली ती हवा दबते आणि वर येताना मूळ आकारावर येते. तिथे श्वास रोखलेलाच असतो आणि त्याने फुप्फुस फुगत नाही. स्कूबात रेग्युलेटर, म्हणजे टाकीला जोडलेलं तोंडात धरायचं उपकरण, तुम्हाला त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. समुद्रसपाटीला दाब साधारण १ बार, १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. आता १० मीटरवर छातीत ६ लिटर हवा घेऊन श्वास रोखला आणि वर आलात, तर त्या हवेला १२ लिटर जागा हवी. छातीत ती जागा नाही. याउलट ३० मीटरवरून २० मीटरवर येताना तीच ६ लिटर हवा ८ लिटर होते. म्हणजे फुप्फुसांसाठी सगळ्यात वाईट टप्पा खोल पाण्यातला नसून शेवटच्या १० मीटरचा आहे. मेसेज ज्याला सुरक्षित म्हणतो तोच.

ताणामुळे फुप्फुसातले वायुकोश फाटतात. हवा छातीच्या पोकळीत गेली तर फुप्फुस आकसतं. मानेच्या कातडीखाली गेली तर बोट दाबल्यावर चुरचुरतं आणि आवाज बदलतो. रक्तात शिरली तर बुडबुडे हृदयाच्या डाव्या बाजूने थेट मेंदूकडे जाऊ शकतात, आणि मग वर आल्यावर काही मिनिटांत शुद्ध हरपणं, एका अंगाची ताकद जाणं, झटके येणं असा प्रकार होतो.

‘१० मीटर म्हणजे तसं खोलच की’ असं कुणी म्हणेल, म्हणून एकच संदर्भ देतो. १९९६ साली ‘एव्हिएशन, स्पेस अँड एन्व्हायर्नमेंटल मेडिसिन’ या नियतकालिकात एका रुग्णाची नोंद छापून आली. पाण्यात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण चालू होतं आणि प्रशिक्षणार्थी दाबाखालची हवा देणाऱ्या उपकरणातून श्वास घेत होता. तो वर आला फक्त १ मीटर. तेवढ्यावर त्याला रक्तवाहिनीत हवा जाण्याचा, म्हणजे एम्बोलिझमचा त्रास झाला. प्रशिक्षण देणारे हजर असलेल्या ठिकाणी १ मीटरवर हे होतं, तर लाटा आणि गाळ असलेल्या समुद्रात ५ मीटरला ‘काही होत नाही’ म्हणणं मला सहन होत नाही.

मग वर यायचं कसं? रेग्युलेटर तोंडात ठेवून, सतत श्वास घेत आणि सोडत, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग न होऊ देता. १० मीटरवरून पृष्ठभागाला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागलाच पाहिजे, शिवाय ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे तिथे थांबून राहायचं. हवा खरंच संपली आणि बडी, म्हणजे सोबत उतरलेला जोडीदार, जवळ नसला तर वर येताना बारीक ‘आऽऽ’ असा आवाज काढत राहायचा. आवाज निघतोय म्हणजे हवा बाहेर जातेय.

गढूळ पाण्यात अडचण अशी की आपण वर चाललोय हेच कळत नाही. तळ दिसत नाही, जहाज दिसत नाही, डोळ्यांपुढे फक्त हिरवट-करडं पाणी. त्यात बीसीडीमधली, म्हणजे तरंगणं सांभाळायला अंगात घातलेल्या हवेच्या जाकिटातली हवाही फुगते, तुम्ही थोडे वर जाता, ती आणखी फुगते, वेग आणखी वाढतो. कान आपोआप मोकळे होऊ लागले तर समजा तुम्ही वर जात आहात. लगेच खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे बघा, डावा हात डोक्यावर उंच धरून बीसीडीतली हवा सोडा आणि श्वास बाहेर टाका. दिशा कळेनाशी झाली तर आपले बुडबुडे कुठे जातायत ते बघा, ते वरच जातात.

असा अपघात झालाच तर माणसाला आडवं झोपवून १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा. ‘परत खाली नेऊन हळू वर आणू’ हा प्रयोग करायचा नाही. दाब देऊन उपचार करणारं चेंबर दनपसारला, म्हणजे तुलांबेनपासून रस्त्याने अडीच-तीन तासांवर. म्हणून डाइव्ह शॉपमध्ये पैसे देण्याआधी ऑक्सिजनचा संच दाखवायला सांगा आणि टाकी भरलेली आहे का ते बघा. आढेवेढे घेतले तर दुसरं दुकान शोधा, तिथे दुकानांची कमतरता नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. १० मीटरच्या आत बेंड्सची, म्हणजे अंगात विरघळलेल्या नायट्रोजनमुळे होणाऱ्या त्रासाची शक्यता खरोखरच कमी असते. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात १० मीटरला खाली राहण्याची २१९ मिनिटांची मर्यादा आहे, तेवढी हवा एका टाकीत नसतेच. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हेच कुठेतरी ऐकलं आणि नायट्रोजनचा नियम फुप्फुसांना लावला.

शिवाय हे जहाज १० मीटरला संपत नाही. यूएसएटी लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. ओढून सिंगराजाकडे नेताना पाणी भरत गेलं, म्हणून ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते पुन्हा पाण्यात सरकलं. आज १२० मीटरच्या आसपास लांबीचा हा सांगाडा उतारावर, किनाऱ्याला समांतर, कुशीवर पडलेला आहे. वरची कड पाचेक मीटरवर, समुद्राकडची बाजू तीस मीटरच्या जवळ. स्वच्छ पाण्यात हा उतार नजरेला दिसतो. गढूळ पाण्यात जहाजाच्या कडेने जाता जाता माणूस नकळत २० मीटरला पोचतो. तिथे त्याच तक्त्याची मर्यादा २१९ मिनिटांवरून पाऊण तासावर आलेली असते आणि ३० मीटरला ती फक्त २० मिनिटं.

‘गढूळ असेल तर मोठा टॉर्च’

पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर जास्त प्रकाश टाकला की जास्त प्रकाश आपल्याच डोळ्यांत परत येतो. घाटात धुक्यात गाडीचे हेडलाइट अप्पर केल्यावर जे होतं तेच. रुंद झोताचा टॉर्च इथे निरुपयोगी. अरुंद झोताचा घ्या आणि डोळ्यांजवळ न धरता हात बाजूला लांब करून तिरका मारा. त्याचा खरा उपयोग बडीला आपण कुठे आहोत हे दाखवण्याचा. सावकाश गोल फिरवला तर ‘ठीक आहे’, जोरात आडवा हलवला तर ‘माझ्याकडे बघ’. पण हे उतरण्याआधी एकमेकांशी ठरवलेलं असायला हवं.

पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, पावसाचं पाणी ज्वालामुखीची काळी बारीक रेती समुद्रात आणतं आणि लाटा ती तळावरून उचलत राहतात. व्हिजिबिलिटी २-३ मीटर असेल तर बडी हाताच्या अंतरावर हवा. दिसेनासा झाला तर जागेवर थांबून एक मिनिट शोधा, नाही सापडला तर नेहमीच्या वेगाने वर या. त्यानेही तेच करायचं. खाली दहा मिनिटं एकमेकांना शोधत राहिलं की दोघांचीही हवा संपते.

हवेचा हिशेबही मेसेजमध्ये नाही. साधी ॲल्युमिनियमची टाकी ११ लिटरची, २०० बारला सुमारे २२०० लिटर हवा. शेवटचे ५० बार राखून ठेवले की वापरायला उरतात साधारण १६५० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो, १० मीटरवर त्याचे ४० होतात, म्हणजे ४० मिनिटं. गढूळ पाण्यात घाबरलेला नवखा पृष्ठभागाच्या हिशेबाने ३५ लिटरने श्वास घेतो असं धरा. १० मीटरवर त्याचे ७०, म्हणजे जेमतेम २४ मिनिटं. अशा दिवशी १५० बारवर परत फिरायचं. दिसत नसताना परतीला जास्त वेळ लागतो.

‘जहाजाला धरून चला, हरवणार नाही’

जहाज डोळ्यांनी वाटाड्याचं काम करतं, हे खरं. धरायचं मात्र नाही. ऐंशीहून जास्त वर्षं गंजलेल्या पत्र्याच्या कडा धारदार आहेत, आणि त्यावर बसलेला स्कॉर्पियनफिश चांगल्या पाण्यातही ओळखू येत नाही. त्याच्या काट्यात विष असतं.

आत शिरणं तर गढूळ दिवशी पूर्ण वर्ज्य. लिबर्टीत आरपार पोहण्याच्या जागा बऱ्याच आहेत आणि स्वच्छ दिवशी पलीकडचा उजेड दिसतो, म्हणून लोकांना त्या बोगद्यासारख्या सोप्या वाटतात. गाळ उठला की तो उजेडच जातो. फिन, म्हणजे पायातली पोहण्याची वल्ही, वरखाली मारले की तळाची रेती उठते आणि श्वासाचे बुडबुडे छताचा गंज खाली पाडतात. दोरी बांधून, रीलवर मागचा रस्ता राखून आत जाणं हे वेगळं प्रशिक्षण आहे.

दिशेसाठी कंपास लागतो. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्याचा कोन घ्या. पण जहाजाला चिकटून कंपास वाचू नका, एवढं लोखंड शेजारी असलं की काटा फिरतो. चार-पाच मीटर दूर येऊन वाचा आणि उताराशी ताडून बघा: तळ चढत असेल तर किनारा समोर आहे.

‘बोट नको, चालतच शिरायचं’

बोट लागत नाही, बरोबर. पण तुलांबेनचा किनारा वाळूचा नाही, गोल काळ्या गोट्यांचा आहे, आणि लाट परतताना ते गोटे पायाखालून सरकतात. अंगावर वीसेक किलोचं ओझं असतं. गावातल्या बायका त्याच गोट्यांवरून डोक्यावर टाक्या वाहून नेतात, ते बघून सोपं वाटतं. पण त्या काठापर्यंतच जातात, लाटेत तुम्हीच शिरायचं असतं.

सकाळी लवकर जा, दुपारी वारा वाढतो. दहा मिनिटं उभं राहून लाटा बघा, मोठ्या लाटा टोळीने येतात आणि मध्ये शांत वेळ मिळतो. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत थोडी हवा, जाड तळव्याचे बूट, फिन हातात. बडीचा दंड धरून पाय न उचलता घसटत पुढे जा आणि लाट फुटते त्या रेषेच्या पलीकडे तरंगत फिन चढवा. बहुतेक लोक घोट्यापर्यंतच्या पाण्यात वाकून फिन घालायला जातात आणि तिथेच पडतात.

बाहेर येताना उलटा क्रम, पण रेग्युलेटर पूर्ण कोरड्यावर येईपर्यंत तोंडातच. राखलेले ५० बार त्यासाठीही असतात. लाटेने पाडलंच तर उभं राहायची धडपड करू नका, हातापायांवर रांगत बाहेर या.

आणि एक. लाटेत लोळल्यावर काळी रेती बीसीडीच्या इन्फ्लेटरच्या, म्हणजे हवा भरायच्या, बटणात अडकते. बटण दाबलेलंच राहिलं की बीसीडी आपोआप फुगत जाते आणि तुम्ही वर फेकले जाता, म्हणजे पुन्हा तोच फुप्फुसांचा धोका. खाली जाण्याआधी बटण दोन-तीनदा दाबून सोडून बघा. हवा येतच राहिली तर बीसीडीत हवा आणणारी नळी हिसडून काढायची असते, आणि ते जमिनीवर हाताने करून पाहिलेलं असावं.

‘मालवणचा अनुभव पुरे’

मालवण-तारकर्लीला पर्यटकाला खाली नेतात तेव्हा इंस्ट्रक्टर मागून टाकी धरून असतो. तरंगणं, खोली, हवा, दिशा सगळं तोच सांभाळतो. आनंदाची गोष्ट आहे, जरूर करा, पण ते स्वतः डाइव्ह करणं नव्हे. तुलांबेनलाही इंस्ट्रक्टरसोबत तसं उतरता येतं, फक्त चांगल्या पाण्याच्या दिवशी. स्वतःच्या जबाबदारीवर उतरायचं तर किमान ओपन वॉटर हा डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स हवा. तोही १८ मीटरपर्यंतचाच आहे, आणि त्यानंतरही पहिल्यांदा जाताना तिथला गाईड घ्या.

‘रात्रीचं विमान चालतं’

चालत नाही. डॅन या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेची शिफारस अशी: मर्यादेत राहून केलेल्या एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास विमान नको. सकाळी आठला पाण्याबाहेर आलात आणि विमान रात्री दहाचं आहे, असं कागदावर जमवता येतं. पण बहुतेक लोक तुलांबेनला दोन डाइव्ह करतात, आणि मग १८ तास लागू होतात.

हा नियम विमानापुरता नाही हेही लक्षात घ्या. तुलांबेनहून उबुदला जाताना बरेच ड्रायव्हर ज्वालामुखी दाखवायला किंतामणीवरून गाडी काढतात. तो रस्ता सुमारे १५०० मीटर उंचीवर जातो आणि डॅनची शिफारस ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू होते. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, डाइव्हच्या दिवशी अमलापुरावरून किनाऱ्याच्या रस्त्याने परतायचं. किंतामणी बघायचंच असेल तर ते डाइव्हच्या आदल्या दिवशी उरका.