हजार चाहत्यांचे गणित आणि नव्वद खुर्च्या

स्वतःची गाणी स्वतः बांधून गाणाऱ्या आम्हा मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर गेले काही महिने एक संदेश फिरत आहे. संगीत कंपनीचा हात पाठीवर नसताना हक्काचा श्रोतावर्ग कसा उभा करावा, याची चार सूत्रे त्यात आहेत. रोज एक रील टाका, कारण फॉलोअर वाढले की श्रोते वाढतात. गाणे एखाद्या मोठ्या यूट्यूब चॅनेलला देऊन टाका, म्हणजे त्याचे लाखो सबस्क्राइबर तुमचे होतील. हजार खरे चाहते मिळाले की खुशाल नोकरी सोडा. आणि पन्नास-शंभर माणसांचे कार्यक्रम करत बसू नका, त्यात पदरचेच पैसे जातात. शेवटी ‘प्रत्येक कलाकारापर्यंत पोहोचवा’ अशी विनंती आहे. माझ्यापर्यंत तो पाच वेळा पोहोचला, म्हणून हे उत्तर. मी सहा वर्षे मुंबईत मराठी गाणी करते आहे आणि नोकरी अजून सोडलेली नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

रीलचा एक उपयोग मला मान्य आहे. ज्याने आपले नावही ऐकलेले नाही, त्याच्या कानावर आपला आवाज पडतो, आणि हे काम पूर्वी पोस्टर लावून होत नसे. परंतु ती रील कोणापुढे जावी हे ना आपण ठरवतो, ना पाहणारा. दोघांच्या मध्ये तिसराच कोणी, म्हणजे ॲपची यंत्रणा, बसलेला असतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका गाण्याचा वीस सेकंदांचा तुकडा दोन लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला. पुढच्या कार्यक्रमाला त्या तुकड्यामुळे किती जण आले, हे मी दारातच विचारून मोजले. सात. त्यांतले दोघे ते गाणे झाल्यावर मध्यंतरात निघून गेले, कारण बाकीच्या गाण्यांशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. शिवाय फॉलोअर ज्या ऑनलाइन मंचावर असतात त्या मंचाचेच असतात. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तिथे लाखांनी फॉलोअर जमवलेल्या अनेक कलाकारांकडे त्यांच्यापैकी एकाचाही पत्ता वा फोन नंबर नव्हता.

मोठ्या चॅनेलचे सूत्र याच चुकीचा पुढचा भाग आहे, त्यामुळे त्यावर फार शब्द खर्च करत नाही. तिथला सबस्क्राइबर चॅनेलला ओळखतो. आपले नाव वर्णनाच्या चौथ्या ओळीत, ‘अधिक वाचा’च्या पलीकडे असते. गाणे द्यायचेच असेल, तर २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनही काढून घेता येत नाही, तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, एवढे ठाऊक असू द्यावे. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या सोसायटीचे सभासदत्व घेतल्याशिवाय सही करणारे आमच्यात पुष्कळ आहेत.

आता हजार चाहत्यांचे सूत्र, जे चारांत सर्वांत मोहक आहे. ही कल्पना केविन केली या अमेरिकी लेखकाने २००८ मध्ये मांडली. प्रत्येक खऱ्या चाहत्याकडून वर्षाला सरासरी शंभर डॉलर मिळाले, तर हजारांचे एक लाख डॉलर होतात आणि त्यावर कलाकार जगू शकतो, असा त्याचा हिशेब होता. आपल्या संदेशात शंभर डॉलरचे हजार रुपये झाले, हजार गुणिले हजार दहा लाख झाले, आणि त्याच्या हिशेबातल्या तीन अटी मात्र वाटेत गळाल्या. ते शंभर डॉलर नफ्याचे होते, विक्रीचे नव्हते. ते चाहत्याकडून थेट यायला हवे होते, मध्ये कोणी नको होते. आणि हा आकडा एकट्या कलाकारासाठी होता. जोडी असेल तर चाहतेही दुप्पट लागतील, असे त्यानेच सांगितले होते. माझ्यासोबत तबला, गिटार आणि हार्मोनियम असते. तिन्ही साथीदारांना घरे आहेत आणि घरांना हप्ते आहेत.

एका कार्यक्रमाचा हिशेब मांडून पाहावा. समजा नव्वद खुर्च्या आहेत, तिकीट तीनशे रुपये आहे आणि कार्यक्रम हाऊसफुल्ल झाला. जमा झाले सत्तावीस हजार. तिघा साथीदारांचे मानधन प्रत्येकी चार हजार, साउंडवाल्याचे सहा, जागेचे पाच. उरले चार हजार, म्हणजे खुर्चीमागे जेमतेम चव्वेचाळीस रुपये. एका चाहत्याकडून हजार रुपये नफा हवा असेल, तर त्याने वर्षातून बावीस-तेवीस वेळा यायला हवे. माझी आईसुद्धा इतक्या वेळा येत नाही.

ऑनलाइन ऐकण्यातून ही तूट भरून निघेल, असे कोणी म्हणेल. पण स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले गेले तरच ते एकदा ऐकले असे धरतात, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजारदा न ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. याहून बोचणारी गोष्ट अशी की, एखाद्या श्रोत्याने वर्गणी भरून महिनाभर केवळ माझीच गाणी ऐकली, तरी त्याचे पैसे माझ्याकडे येत नाहीत. ते सगळ्यांच्या सामायिक हौदात पडतात आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटले जातात. त्याच्या निष्ठेला तिथे वेगळा रकानाच नाही.

तरीही छोटे कार्यक्रम करू नयेत, हे चौथे सूत्र मला सर्वांत चुकीचे वाटते. वरचा हिशेब मीच मांडला असल्यामुळे ते तोट्याचे असतात हे मी कसे नाकारणार? प्रश्न असा आहे की निष्ठा दुसरीकडे कुठे तयार होते? लोकलमधल्या भजनी मंडळांकडे पाहावे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, टाळ तेच आणि गजर तोच. त्यांच्यासाठी दहा मिनिटे आधी फलाटावर येणारे प्रवासी मी पाहिले आहेत. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांना जो प्रेक्षक जमला, तोही जाहिरातींच्या जोरावर जमलेला नव्हता. ‘तिथे गेले की काहीतरी पाहायला मिळते’ ही सवय लोकांना लागली होती.

म्हणून आम्ही तीन वर्षांपूर्वी दिवस पक्का केला: दर महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा, तीच जागा. रविवार घेतला नाही, कारण रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक असतो. नऊच्या आत संपवतो, कारण लोकलने दूर कर्जत-कसाऱ्याला परतणाऱ्या माणसाचे शेवटच्या गाण्याकडे लक्ष नसते, घड्याळाकडे असते. पहिल्या शनिवारी एकोणीस जण होते, त्यांत नातेवाईक अकरा. नव्वद खुर्च्या भरायला चौदा महिने लागले. रीलमुळे आलेल्या सातांपैकी तिघे अजून येतात. रीलला मी एवढेच श्रेय देईन, पण तेवढे नक्की देईन.

दारात एक दोनशेपानी वही असते. नाव, नंबर आणि कुठून आलात, एवढेच लिहायचे. सुरुवातीला त्या सर्व नंबरांना मी व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच संदेश एकदम, पाठवत असे आणि फारसे कोणी उत्तर देत नसे. मग कळले की ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला असेल, त्यालाच तो संदेश मिळतो. तेव्हापासून मध्यंतरात मी माझा नंबर सांगते आणि माझ्यासमोरच सेव्ह करायची विनंती करते. फोन हातात असूनही काही जण हसून टाळतात. ते परत येणार नाहीत, हे तिथेच समजते, आणि फॉलोअरच्या आकड्यातून हे मला कधीच समजले नसते.

वहीच्या तिसऱ्या पानावर गिरगावच्या एका आजोबांनी लँडलाइनचा नंबर लिहिला आहे. त्यांना रील दिसत नाही, ब्रॉडकास्टही जात नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी फोन करते. ते आधी कोणती नवी चाल बांधली ते विचारतात आणि मग दोन खुर्च्या, खांबाच्या डावीकडच्या, धरून ठेवायला सांगतात.