बिनइंजिनाचं विमान आणि सात खांब

बेळगाव भागात पोरांना ग्लायडर शिकवायची हौस आलीय? छान. पगार नाही, रविवार गेला, पेट्रोल पदरचं. आता फक्त जागा शोधायची राहिलीय.

आधी सांबऱ्याला जा. १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानं केलेला विमानतळ, २०१७ पासून धावपट्टी २३०० मीटर. कुंपणाबाहेर उभं राहून मनसोक्त बघा. बघायला परवानगी लागत नाही, अजून तरी.

मग माळ शोधा. वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून पूर्व-पश्चिम, किलोमीटरभर सपाट. विंच, म्हणजे जमिनीवरचं दोर गुंडाळणारं यंत्र, दोर ओढतो, ग्लायडर वर चढतं, दोराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी उंची मिळते. हे परवानगीच्या अर्जात लिहू नका. मी लिहिलं. साहेबांनी विचारलं, "इंजिन कुठाय?" नाही म्हटलं. "मग वर राहतं कसं?" ऊन तापलं की हवा वर चढते, घार फिरते तसं, साहेब. "घारीला परवानगी लागते काय?" फाईल दुसऱ्या टेबलावर.

अर्ज कन्नडमधूनच करा. मग गावात मराठीतून समजावा. दोन्हीकडून बोलणी खा.

अथणीकडं जाऊ नका. ऊस.

टेप घेऊन शिवारात उतरू नका. हलगा-मच्छे बायपासच्या रस्त्यात जमीन जाऊन पोळलेला शेतकरी टेप बघितली की कुत्रं सोडतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

आणि जागा मिळालीच, तर तिच्यावर रात्री झोपायला जा. आम्ही गेलो नाही. खानापूरकडचा जांभ्याचा माळ, पाणी थांबत नाही, आठ महिने हेलपाटे घालून पंचायतीचा कागद मिळाला होता. गेल्या रविवारी बघतो तर मधोमध सोलार दिव्यांचे खांब. सात! माळावर एक घर नाही. उजेड कुणासाठी, तरसांसाठी? पंचायतीत विचारलं तर म्हणे, "आता खांब काय काढता येतात? तुम्ही जरा बाजूनं उतरवा की." बाजूनं! अहो, ती काय रिक्षा आहे? दोघं बसायच्या ग्लायडरचे पंख सोळा-सतरा मीटर, इंजिन नाही, उतरताना चुकलं तर परत वर जाऊन फेरी मारता येत नाही. एकदाच उतरायचं. आत बसलेलं पोर कुणाचं, तुमच्याच गल्लीतलं.

लायसनला सोळा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून आमची दोन पोरं वाढदिवसाचे दिवस मोजत होती. तीच पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली की कट्ट्यावर बसून नावं ठेवणारे तुम्हीच. लाज वाटू दे जरा. टेनिस बॉलची स्पर्धा असली की एका दिवसात रोलर फिरतो, मंडप पडतो, हार घेऊन पुढारी हजर. आम्ही पैसे मागितले नाहीत, शेड मागितली नाही, रस्ता मागितला नाही. मोकळा माळ मोकळा ठेवा म्हटलं होतं. तेवढंही झालं नाही तुमच्यानं.