परांची तात्पुरतीच असते

आपण गोव्यात पर्वरीच्या पठारावर, म्हापशाच्या आसपास किंवा फोंड्याकडील एखाद्या वाड्यावर घर बांधायला काढले असेल, तर वास्तुविशारदापासून भटजींपर्यंत सर्वांचा सल्ला आपण घेतलाच असेल. परांचीविषयी, म्हणजे ज्यावर उभे राहून उंचावरचे काम होते त्या बांबूंच्या किंवा पाइपच्या सांगाड्याविषयी, मात्र आपल्याला कुणी चकार शब्द सांगितला नसणार. ती उणीव येथे भरून काढीत आहे. एकच तत्त्व मनाशी पक्के धरावे, ते म्हणजे परांची तात्पुरती असते. जी वस्तू गणेश चवथीपूर्वी काढून टाकायची आहे तिच्यावर पैसा घालणे हे गृहस्थधर्मात बसत नाही.

म्हणून बांबू मागच्या कामावरचेच आणावेत. त्यांना चीर गेलेली दिसली तर ती अनुभवाची खूण समजावी. काथ्याची दोरी दोन पावसाळे भिजून वाळलेली असली तरी हरकत नाही, कारण गाठ सुटल्यावरच ती जुनी होती असे म्हणता येते, तोपर्यंत ती दोरीच असते. खांब तांबड्या मातीत सरळ उभे करावेत. पहिल्या पावसात ते वीतभर खचले, तर खाली एक चिरा सरकवावा आणि तो डगमगू लागला, तर फुटकी कौले आहेतच. खांबाखाली रुंद फळी द्यावी आणि परांची ठरावीक अंतरावर इमारतीला जखडून घ्यावी, असे सांगणारे लोक भेटतील. त्यांना नव्या गिलाव्याचा भाव माहीत नसतो.

काम करणाऱ्याने उभे राहायचे कशावर, हा प्रश्न गौण आहे. स्लॅबच्या सेंट्रिंगमधून उरलेली एक फळी पुरेशी होते, कारण गवंड्याला पाय दोनच असतात आणि ते एकापुढे एक ठेवता येतात. भारतीय मानक 3696 नावाची एक संहिता आहे. तिचा परांचीविषयीचा पहिला भाग 1987 सालचा आहे, आणि इतकी वर्षे न वाचता ज्या पुस्तकावाचून आपले अडले नाही ते आता उघडण्यात काय हशील? कमरेच्या वर कठडा आणि फळीच्या कडेला 15 सेंटीमीटरची आडपट्टी लावली की वरून थापी किंवा वीट खाली येत नाही हे खरे; पण मग खालून जाणारी माणसे वर बघायचे विसरतात, आणि त्यांची सावधगिरी सुटावी असे आपल्याला वाटत नाही.

सुरक्षेच्या पट्ट्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. कमरेचा पट्टा एकच घ्यावा आणि तो साइटवरच्या खोलीत खिळ्याला टांगावा. फोटो काढायचा असेल त्या दिवशी जो सर्वांत वर असेल त्याला तो घालावा. छाती, खांदे आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण पट्टा आणू नये. तो आणला की त्याचा आकडा डोक्याच्या वर, पक्क्या आधाराला अडकवावा लागतो, आणि असा आधार आधी तयार करावा लागतो. त्यापेक्षा आकडा त्याच डुलणाऱ्या बांबूला अडकवावा, म्हणजे पडलाच तर माणूस आणि परांची एकमेकांना सोडून जाणार नाहीत. तिसऱ्या स्लॅबवरून, म्हणजे सुमारे 10 मीटरवरून, सुटलेला माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर पोचतो आणि पोचताना त्याचा वेग ताशी 50 किलोमीटर असतो. सकाळी पर्वरीहून पणजीला जाताना एवढा वेग कुणाच्या वाट्याला येतो?

याउलट, नजर लागू नये म्हणून वरच्या मजल्यावर जी काळी बाहुली टांगायची, ती बांधायला नवी नायलॉन दोरी घ्यावी आणि गाठ मुकादमाने स्वतः ओढून पाहावी. ती पडली तर अपशकुन होतो.

रंगकाम नेमके चवथीच्या आधी, म्हणजे श्रावणसरींत, उरकावे. बांबू बुळबुळीत असतात आणि रंगाऱ्याच्या पायात चपला असतात, एवढे गृहीत धरून चालावे. लोखंडी पाइपची परांची असेल आणि विजेची तार हातभर अंतरावरून जात असेल, तर वीज खात्याला कळवण्याऐवजी ‘तिकडे हात नेऊ नको’ असे दोनदा बजावावे. तो झारखंडचा असेल आणि आपण कोकणीत बजावले असेल, तरी बजावल्याचे समाधान आपल्याला राहतेच.

कायद्याची भीती बाळगू नये. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला. त्याने कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी 18 ते 60 वर्षे वय आणि मागील 12 महिन्यांत 90 दिवसांचे बांधकाम अशा अटी घातल्या. आपण दर महिन्याला नवीन माणूस आणलात, तर हे 90 दिवस कोणत्या मालकाकडे झाले, हे त्या माणसालाही सांगता येत नाही.

आणि कुणी पडलाच, तर 108 ला दूरध्वनी करण्यापूर्वी खोलीतला तो पट्टा आठवणीने खाली आणवावा. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, ‘काय झाले’ असे विचारतील, तेव्हा ‘पाय घसरला’ हे दोन शब्द पुरतात; पाय नेहमी त्याचाच असतो.

परांची उतरवल्यावर, आडवे बांबू जेथे खोचले होते तेथे भिंतीत भोके राहतात. ती सिमेंटने बुजवून त्यावर रंगाचे दोन हात मारून घ्यावेत. हे काम शिडीवरून होते, आणि शिडी धरायला खाली माणूस लागत नाही.