नळांचं सोवळं

इंग्लंडला निघालात? अभिनंदन. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगांत मेतकूट, भाजणी, लोणचं आणि कुकर बसवलात ना? आता एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचा साधा मगही बसवा. हसू नका. डिग्रीचा कागद घरी राहिला तर भाऊ फोटो काढून पाठवेल. मगाचा फोटो काही कामाचा नाही.

पोचल्यावर पहिला साक्षात्कार वॉशबेसिनपाशी होईल. एकाच बेसिनवर दोन नळ, भावकीत वाटणी झाल्यासारखे दोन टोकांना. डावा भाजतो, उजवा गोठवतो. तुम्ही हात इकडून तिकडे न्याल आणि टाळी वाजवल्यासारखं काहीतरी करत बसाल. मीही महिनाभर वाजवली. खरी रीत अशी आहे: बेसिनला साखळीने बांधलेलं बूच लावायचं, दोन्ही नळ सोडायचे आणि साचलेल्या पाण्यात हात-तोंड धुवायचं. विसण घालायला बादली नाही, म्हणून बेसिनचीच बादली. ज्या पाण्यात हात बुचकळले तेच पाणी चेहऱ्याला. इतक्या लांब आला आहात, एवढं चालवून घ्या.

असं का, हे घरमालकाला विचारू नका. त्यालाही ठाऊक नसतं. मी सांगतो. जुन्या घरांत थंड पाणी थेट रस्त्याखालच्या मुख्य नळातून यायचं, आणि गरम पाण्याला पुरवठा माळ्यावरच्या टाकीतून व्हायचा. त्या टाकीचं झाकण सरकलेलं असे, आत कधी पारवा तर कधी उंदीर पडलेला असे. असलं पाणी पिण्याच्या पाण्याला शिवता कामा नये, म्हणून दोन नळ, दोन तोंडं. आता त्या टाक्या बहुतेक घरांतून गेल्या, भिंतीवर कॉम्बी बॉयलर नावाचा बंब आला, दोन्ही पाणी एकाच पायपातून येऊ लागलं. नळ मात्र अजून दोनच. कारण संपलं तरी रीत चालू, हे तुम्हाला नवीन नसावं. आजीचं सोवळं मागे टाकून आलो म्हणून सुटकेचा श्वास सोडलात ना? इथे पाणीच सोवळ्यात आहे.

थट्टा नाही, हे लेखी आहे. 1999 च्या पाणीपुरवठ्याच्या नियमांनी तिथल्या पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग पिण्याचं शुद्ध पाणी. तेच नुसतं तापवलं की दुसऱ्या वर्गात उतरतं. असं करत पाचवा वर्ग संडासाचा. मनूचं चारांवर भागलं होतं, इथे पंचमालाही अधिकृत क्रमांक आहे.

या पाचव्या वर्गात तुमचा लाडका जेट स्प्रे मोडतो. 'दहा मिनिटांचं काम, आमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये तीन आहेत,' असं प्लंबरला ऐकवू नका. तो शांतपणे सांगेल, की रस्त्यावरच्या नळाचा दाब अचानक पडला तर नळीच्या टोकाचं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं, आणि मग सगळ्या गल्लीच्या चहात काय उतरेल याचा विचार करा. नियमाला तिथे एअर गॅप लागतो, म्हणजे नळाचं तोंड आणि खालचं पाणी यांच्यामध्ये मोकळी हवा. समजायला अवघड नाही. आजी तांब्या ओठांना न लावता वरून घटाघटा प्यायची, तोच एअर गॅप. कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं, तोही एअर गॅपच. फरक एवढाच की त्यांनी तो पायपांमध्ये ठेवला. आपण माणसांमध्ये ठेवला होता, आणि तो मोडायला 1927 साली महाडच्या तळ्यावर जावं लागलं.

असो. जेट नाही, तर काय? बॅगेतून आणलेला मग आठवडाभर टिकतो. एक दिवस तुमच्या इंग्रज सहकाऱ्याला घरी चहाला बोलावता, तो 'जरा जाऊन येतो' म्हणतो आणि बाहेर येऊन मगाकडे बोट दाखवत निरागसपणे विचारतो, की हे दाढीसाठी का? त्या दिवशी बागेच्या सामानाच्या दुकानात जा आणि झाडांना पाणी घालायची झारी घ्या. लांब चोचीची, हिरवी, दीड-दोन लिटरची. इथल्या देशी कुटुंबांचं हे जुनं, पारखलेलं हत्यार आहे. पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. झारी संडासात का, या प्रश्नाला उत्तर म्हणून शेजारी मनीप्लँटची कुंडी ठेवा. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण ज्याने कुणी ही म्हण केली त्याच्या घरी दर तीन महिन्यांनी लेटिंग एजंट तपासणीला येत नसावा. आमच्या घराच्या अहवालात 'भाडेकरूंना वनस्पतींची आवड' अशी नोंद आहे.

आता जमीन. तुम्ही नेहमीसारखे मोरीचं भोक शोधाल. शोधू नका, नाही. उतार नाही, जाळी नाही, खराट्याने पाणी ओढायची सोय नाही. आमच्या पहिल्या घरात तर बाथरूममध्ये कार्पेट होतं, शेवाळी रंगाचं. मूळचं शेवाळी की नंतर झालेलं, ते कळलं नाही. घराला तक्तपोशी असते, त्यामुळे वरच्या मजल्यावर सांडलेलं तांब्याभर पाणी खालच्या दिवाणखान्याच्या छताला पिवळा नकाशा काढतं, आणि तो नकाशा तुमच्या डिपॉझिटमधून वजा होतो. इथे नळाला चोवीस तास पाणी आहे, ओतायला मात्र जागा नाही. घरी एक तास पाणी यायचं, तेव्हा आपण पिंपं भरत सरकारला शिव्या देत होतो, ते आठवून टबात उभे राहा. पडदा टबाच्या आतच हवा. पाय धुताना जपून.

नरकचतुर्दशी विसरा, असं मी म्हणणार नाही. हौस असेल तर पहाटे चारला उठा. दिव्याची दोरी ओढलीत की दिव्याबरोबर पंखाही घरघरायला लागेल, कारण दोन्ही एकाच दोरीला बांधलेले. सामाईक भिंतीपलीकडचं म्हातारं जोडपं जागं होईल. टबात तेल लावून उभं राहणं ही कसरत आहे, तेव्हा अभ्यंग बसूनच करा. उटणं चाळून घ्या, नाहीतर ड्रेन तुंबेल. कारीट मिळत नाही. आम्ही ब्रसेल्स स्प्राउट, म्हणजे चिमुकला कोबी, चिरडतो. नरकासुराची तक्रार आलेली नाही.

स्वयंपाकघरात उलटा न्याय. पाण्याचं इतकं सोवळं पाळणारे लोक कपड्यांचं मशीन सिंकखाली, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवतात. बाथरूममध्ये विजेचं साधं सॉकेट चालत नाही ना, म्हणून. तुमचे मोजे आणि तुमची फोडणी एकाच खोलीत, पाहुणे आले की हे दृश्य गोल काचेतून फिरताना दिसतं. आणि तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. 2017 साली लंडनच्या व्हाइटचॅपलखालच्या गटारात चरबी आणि ओल्या वाइप्सचा गोळा सापडला, 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा. त्याचा तुकडा पुढे लंडनच्या संग्रहालयात मांडला आणि लोक बघायला गेले. तुमच्या अनारशांचं तूप असं इतिहासात जावं, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

कॉम्बी बंबाची एक खोड सांगून ठेवतो. एका वेळी तो एकाचंच नीट ऐकतो. तुम्ही डोक्याला साबण लावून उभे, आणि खाली सासूबाईंनी भांड्यांसाठी गरम नळ सोडला, की वरचं पाणी गार. 'नळ कुणी सोडला?' ही आरोळी सातासमुद्रापलीकडे जशीच्या तशी वापरता येते, भाषांतराची गरज नाही. बंबावरच्या काट्याकडेही लक्ष ठेवा. तो पाण्याचा दाब दाखवतो. दाब फार खाली गेला की बंब संपावर.

आणि जानेवारी. कडाक्याच्या थंडीत बंबातून घराबाहेर गेलेली पांढरी नळी आतल्या पाण्यासकट गोठते आणि बंब गुरगुरून बंद पडतो. उपाय सोपा: बाहेर जाऊन त्या नळीवर पाणी ओतायचं, उकळतं नव्हे, कोमट. कोमट कशाला म्हणतात हे इंग्रजाला नेमकं उमगत नाही, त्याच्याकडे नळच दोन आहेत. त्यामुळे अशा एखाद्या सकाळी सहा वाजता पलीकडचा म्हातारा ड्रेसिंग गाऊनमध्ये तुमच्या दारात उभा राहील. बंब कंपनीच्या फोनवर त्याला सांगितलेलं असतं, की झारीने ओता. त्याची झारी शेडमध्ये बर्फात अडकलीय, आणि तुम्हाला झाडांची आवड आहे असं त्याने एजंटकडून ऐकलंय.

पाणी तुम्हीच विसणून द्या. झारी द्या. परत करायला तो दुपारी येईल, घासूनपुसून, आत दोन बिस्किटं ठेवून. बिस्किटं घ्या, आभार माना, आणि त्याच्यासमोर खाऊ नका.