7 दिवसांत 5 किलो ‘चरबी’? हिशेब काही लागत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी नव्या फोटोसह एक मेसेज उगवतो. सकाळी जिरं-लिंबाचं पाणी, दुपारी फळं, रात्री भाज्यांचं सूप, आणि 7 दिवसांत 5 किलो चरबी गायब! खाली तळटिपा: काटा उतरतोय म्हणजे चरबीच जळतेय, डाळी-अंडी बंद, प्रोटीननं किडनी जाते, वजनं उचलू नका, व्यायाम सुटला की स्नायूंची चरबी होते.

आधी ते 5 किलो. शरीरातली 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. 5 किलोंच्या झाल्या 38,500, म्हणजे रोज 5,500 कॅलरींची तूट. मध्यम बांध्याच्या बाईचा दिवसाचा खर्चच मुळात 2,000च्या आसपास असतो. तिनं सातही दिवस नुसत्या पाण्यावर काढले तरी तूट 14,000ची, म्हणजे 2 किलोसुद्धा चरबी नाही. मग काटा का उतरतो? स्नायूंत आणि यकृतात मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते, आणि ती आपल्या तिप्पट पाणी धरून बसतं. खाणं तोडलं की आधी हा साठा उतरतो. मीठ कमी झालं, पोटात अन्न कमी राहिलं, त्याचंही वजन त्यात आलंच. आठव्या दिवशी पोटभर वरण-भात जेवलात की यातलं बरंचसं पाहुण्यासारखं परत हजर.

‘काटा उतरतोय म्हणजे चरबीच’ हा दावा जास्त घातक, कारण तो अर्धा खरा आहे. नुसतं खाणं कमी करून वजन घटवलं तर गेलेल्या वजनाचा ढोबळमानानं पाव हिस्सा चरबीचा नसतो. तो सगळा स्नायूच असतो असंही नाही, त्यात पाणीही येतं. पण स्नायू जातात हे नक्की. वजन घटवण्यासाठी सध्या चर्चेत असलेल्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनच्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांचं स्कॅन झालं त्यांच्यात हा हिस्सा 40 टक्क्यांच्या घरात होता. चरबी त्याहून जास्त गेली, म्हणजे औषध वाया गेलं नाही. पण काट्याला यातलं काहीच दिसत नाही.

आपल्याकडे हे जास्त झोंबतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो 2004मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! याज्ञिकांच्या पुण्यातल्या अभ्यासात तर जन्मलेली बाळंही अशीच निघाली: वजनानं कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानानं टिकून. ज्यांच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच तुटपुंजी, त्यांनी सूप पिऊन त्यातलेच आणखी घालवायचे?

आता किडनी. ज्यांना किडनीचा विकार आहे त्यांनी प्रोटीन किती खायचं हे डॉक्टरांनाच विचारावं, तिथे प्रयोग नकोत. धडधाकट माणसाची किडनी डाळी-अंड्यांनी बिघडते याला आधार नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शिफारस रोज वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीनची आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. वजन घटवताना तर 1.2 ग्रॅमपर्यंत, म्हणजे 72 ग्रॅम घेतलेलं बरं. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि बटाट्याची भाजी, उपासाला साबुदाणा, यातून ते कुठून भरणार? पातळ वरणाच्या वाटीवरही फार विसंबू नका. घट्ट उसळ, दही, पनीर, अंडी, मासळी, सोयाबीन यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं.

स्नायूंची चरबी होते, यावर फार शाई घालवायला नको. दोन्ही पेशी वेगळ्या, एकीची दुसरी होत नाही. व्यायाम सुटतो, स्नायू आटतात, खाणं तेवढंच राहतं, म्हणून चरबी चढते.

वजनं उचलायला घाबरणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगते. 2017मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात अमेरिकेतल्या 65 वर्षांपुढच्या लठ्ठ लोकांना कमी खाण्यासोबत वेगवेगळे व्यायाम दिले. वजन सगळ्यांचं 9 टक्क्यांच्या आसपास घटलं. पण नुसतं चालणं वगैरे करणाऱ्यांचा चरबीविरहित ऐवज 5 टक्के गेला, वजनं उचलणाऱ्यांचा 2 टक्केच. चालणं सोडा असं नाही, कारण दोन्ही करणाऱ्या गटाच्या हालचाली सर्वांत जास्त सुधारल्या.

आणि जिममधल्या चरबी मोजणाऱ्या, पाय ठेवायच्या मशिनची पावती जपून वाचा. ती पायांतून बारीक वीज सोडून अंदाज बांधते. किती पाणी प्यायलात, कधी जेवलात, यावर आकडा हलतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा कंबरेला टेप लावा, आणि खुर्चीतून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते लिहून ठेवा.